बाळागोळीची शांतता

ग्रीक ‘ओपियॉन’चा अरबीत ‘अफ़यून’ झाला, तोच उर्दूत आला आणि मराठीत ‘अफू’ झाला. उर्दू-मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे असे शब्द मला खुणावतात. त्यातलाच एक, आता विसरत चाललेला: बाळागोळी.

आमच्या आंबवड्यासारख्या भोर-वेल्ह्यातल्या गावांतून माणसं पोटासाठी मुंबईला गेली. मदनपुऱ्यात मोमीन विणकर, लालबाग-परळात घाटावरचे आणि कोकणातले. वस्त्या वेगळ्या, भोंगा एकच. 1922च्या कायद्यानंतरही गिरणीत दिवसाला 11 तास काम. आई कामावर, तान्हं खोलीवर. ते रडू नये म्हणून अफूची बाळागोळी. त्या काळात गिरणीतल्या बायांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी ही चाल नोंदवली. त्याआधी 1895 साली ब्रिटिशांच्या अफू आयोगाने मात्र हिंदुस्थानात अफूने फारसं नुकसान होत नाही, असाच सूर लावला होता.

नुकसान कुठे होतं, ते पुढच्या संशोधनाने दाखवलं. भूक, ताप, भीती अशा संकटात मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. त्याच्या जोरावर शरीर रक्तदाब आणि साखर सांभाळतं. अफूतलं मॉर्फिन वरचा इशाराच दाबतं. संकट तसंच राहतं, हाक बंद होते. मोठ्या माणसांत दीर्घकाळ अशी औषधं चालली, तर कॉर्टिसॉल कमी पडून थकवा येतो, रक्तदाब उतरतो. एखादं दुखणं किंवा ऑपरेशन जिवावर बेतू शकतं. सवय झाल्यावर औषध एकदम तोडलं, की हेच हार्मोन उसळतं. तान्ह्याला तर आणखी जवळचा धोका: डोस जरा जास्त झाला तरी श्वास मंदावतो.

म्हणजे गप्प झालेलं मूल शांत झालेलं नव्हतं.

त्या आईला दोष देणं सोपं आहे. पण तिच्या हाती दुसरं काय होतं? खरं उत्तर तिला रजा आणि पगार देण्यात होतं. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा 1929 साली झाला.

आजही ट्रॅमाडॉल, मॉर्फिन डॉक्टर देतात, आणि असह्य वेदनेत ती घ्यावीतही. फक्त ती मनाने वाढवू नका, एकाएकी बंद करू नका आणि ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगायला विसरू नका.