मनोरुग्णाची संमती व हक्क

मानसिक आजार जडला म्हणून निर्णयाचा अधिकार आपोआप संपत नाही, हे तत्त्व भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८) याने स्पष्ट केले. उपचार समजून घेऊन निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती आवश्यक असते. कलम ५ नुसार प्रौढ व्यक्ती आपल्याला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लेखी नोंदवू शकते. ही तरतूद फार मोलाची, पण कुटुंबांना क्वचितच ठाऊक असते. कलम ८९ खाली साहाय्यित भरती, म्हणजे निर्णय घेण्यासाठी मोठ्या आधाराची गरज असलेल्या रुग्णाची भरती, प्रथम ३० दिवसांपुरती असते. त्यात रुग्णाची संमतिक्षमता दर सात दिवसांनी तपासावी लागते. साखळदंड, भूल न देता विद्युतझटके आणि मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी यांना कलम ९५ मनाई करते.

या मनाईमागची वेदना महाराष्ट्राने पाहिली आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना स्वतःला कोणी विचारले नव्हते. स्त्री संघटनांनी तीव्र निषेध केला.

 आता या कायद्यानुसार दाखल रुग्णाला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी मोफत कायदेशीर मदतही मिळते.