गंज आणि श्वास

१७७०च्या दशकात लाव्हाझिये यांनी बंद पात्रात धातू तापवून सिद्ध केले, की धातू हवेचा एक अंश शोषून घेतो. तोच प्राणवायू. जहाजाच्या बंद टाकीत लोखंड गंजताना हेच निःशब्दपणे घडते. हवेतील २१ टक्के प्राणवायू घटत जातो. ना वास, ना धूर. आत कोसळलेल्याला वाचवायला धावलेला सोबतीही तेथेच कोसळतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९७ मध्ये शिफारशी केल्या आणि २०११ मध्ये त्या सुधारल्या. २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बचावाचा सराव आणि २०१६ पासून वायुमापक उपकरण बंधनकारक झाले. जगभरच्या जहाजांवरील भारतीय खलाशांनाही हाच क्रम पाळावा लागतो: वायुवीजन, मापन, लेखी परवाना, दाराशी पहारा; मगच प्रवेश. सोबती कोसळताना दिसला, तरी आत न धावता आधी धोक्याचा इशारा देणे, हा त्यातील सर्वांत अवघड नियम.