शासनाचा निधी आणि गावाचा हिशेब : पिंपळनेर परिसराच्या निमित्ताने

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरा नदीकाठचे बाजाराचे गाव. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आणि त्यांपलीकडे नवापूर व गुजरातची सीमा. डोंगरपट्ट्यातील कोकणी आणि भिल्ल पाड्यांतील माणसाचा बाजारहाट, दवाखाना, बँक आणि सरकारी कामकाज यांसाठी पिंपळनेरशीच संबंध येतो. या पट्ट्यासाठी राज्य शासनाने गेल्या पन्नास वर्षांत अनेक योजना आखल्या. तरतुदीचे आकडे दरवर्षी अर्थसंकल्पात छापून येतात. परंतु त्यांतील पैसा कोणत्या वाटेने गावात पोहोचतो आणि त्यावर गावाचा अधिकार किती, याची माहिती सामान्य नागरिकाला क्वचितच असते. ती एकत्रितपणे देण्याचा हा प्रयत्न आहे.

फड पद्धतीचा वारसा

शासकीय योजना येण्यापूर्वीही या खोऱ्यात सार्वजनिक कामे होत होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील जुने बंधारे आणि त्यांवर चालणारी फड पद्धत हे त्याचे ठळक उदाहरण होय. एका बंधाऱ्याखालील जमीन तीन-चार फडांत विभागली जाई. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढील वर्षी पीक बदलावयाचे, असा नेम असे. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, तर पिकाच्या राखणीसाठी जागल्या नेमला जाई. पाटाची साफसफाई लाभधारक स्वतः करीत आणि तंटा उद्भवल्यास पंच निर्णय देत.

पुढे बंधाऱ्यांची दुरुस्ती सरकारकडे गेली. पिंपळनेरजवळ लाटीपाडा येथे पांझरेवर धरण झाले. पाणीपुरवठ्यात शासनाचा वाटा वाढला, तसा देखभालीतील गावाचा वाटा घटत गेला. शासनाचा पैसा येताना गावाची जबाबदारी कायम कशी ठेवावी, हा प्रश्न तेव्हापासून या खोऱ्यात आहे.

रोजगार हमी : मागेल त्याला काम

महाराष्ट्राच्या ज्या योजनेने ग्रामीण भागात सर्वाधिक काळ आधार दिला, ती रोजगार हमी योजना. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग केला. १९७२च्या भीषण दुष्काळात खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो हात राबले. विधिमंडळाने १९७७ मध्ये कायदा संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या योजनेचा पैसा कोठून आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. त्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची, अशी रचना होती. म्हणजे मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा साक्री तालुक्यातील मजुराच्या मजुरीत जमा होत होता. १९९०-९१ पासून याच योजनेतून फळबाग लागवडीलाही साहाय्य मिळू लागले.

केंद्राने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. फेब्रुवारी २००६ मध्ये तो राज्यातील ज्या १२ जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, त्यांत धुळे आणि नंदुरबार हे दोन्ही जिल्हे होते. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता, ही त्यातील महत्त्वाची तरतूद. मात्र मागणी लेखी केलेली असेल आणि तिची दिनांकित पोच मजुराच्या हाती असेल, तरच त्या हक्काला अर्थ उरे.

आदिवासी उपयोजना

आदिवासी विकासासाठी स्वतंत्र उपयोजना १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अस्तित्वात आहे. प्रारंभी प्रत्येक खाते आपल्या तरतुदीतून काही रक्कम आदिवासी भागासाठी दाखवीत असे. त्यामुळे कागदावर आकडा दिसे. पण ज्या रस्त्याचा वा धरणाचा आदिवासींना लाभच नाही, त्याचाही खर्च त्यात मोडे. द. म. सुकथनकर यांच्या समितीने यावर उपाय सुचविला. लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे राज्याच्या योजनेतील सुमारे नऊ टक्के रक्कम, आधी बाजूला काढावी आणि तिचे नियोजन आदिवासी विकास विभागाने करावे, अशी ही शिफारस होती. १९९३-९४ पासून ती अमलात आली. नियोजन आयोगाने ही पद्धत पुढे इतर राज्यांनाही अनुसरण्यास सांगितली.

साक्री तालुक्यातील ८० गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आश्रमशाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती आणि वैयक्तिक लाभाच्या योजना यांचा कारभार धुळे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत चालतो. अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली. कोरोनाच्या संकटात २०२०-२१ या वर्षासाठी खावटी कर्जाऐवजी प्रत्येक पात्र कुटुंबाला चार हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले. त्यातील निम्मी रक्कम बँक खात्यात आणि निम्मी वस्तुरूपाने देण्यात आली.

तरतूद वेगळी काढली म्हणून गळती थांबते, असे नव्हे. २००४ ते २००९ या काळातील आदिवासी विभागाच्या वस्तुखरेदी व वाटपातील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमावी लागली. तिचा अहवाल २०१७ मध्ये सादर झाला. दरम्यान डिसेंबर २०१६ मध्ये शासनाने वैयक्तिक लाभाच्या अनेक योजनांत वस्तूंऐवजी थेट खात्यात रक्कम देण्याचे धोरण स्वीकारले.

पाच टक्के निधी आणि ग्रामसभा

पेसा या नावाने ओळखला जाणारा, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा केंद्रीय कायदा १९९६ चा. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. त्यानंतर एप्रिल २०१५ मध्ये एक दूरगामी निर्णय झाला. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट, आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि अबंध स्वरूपात देण्याचे ठरले. अबंध म्हणजे कोणते काम घ्यावयाचे हे मंत्रालयाने नव्हे, तर ग्रामसभेने ठरवावयाचे. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसा कायद्याची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता आणि वनसंवर्धन-जलसंधारण व वनाधारित उपजीविका, अशी कामांची चार क्षेत्रे ठरविण्यात आली.

याच नियमांनी आणखी एक दार उघडले. महसुली गावापासून दूर असलेला पाडा विहित पद्धतीने ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. एका ग्रामपंचायतीत पाच-सहा पाडे असतील, तर निधी मुख्य गावातच खर्च होतो, ही जुनी तक्रार आहे. तिच्यावरचा कायदेशीर इलाज हाच होय.

बारीपाड्याचा अनुभव

पैशाआधी गाव उभे राहिले तर काय होते, याचे उत्तर पिंपळनेरच्या पश्चिमेला असलेल्या बारीपाड्यात मिळते. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील डोंगर उघडेबोडके झाले होते. पाणी आणि सरपण दोन्हींसाठी वणवण करावी लागे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने वनसंरक्षणाचे नियम स्वतः केले, वृक्षतोड व चराई यांवर बंधने घातली, मोडणाऱ्यास दंड ठरविला आणि श्रमदानातून पाणी अडविले. सुमारे ११०० एकर जंगल राखले गेले. विहिरींना पाणी आले, भातशेती सुधारली. २००४ पासून भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेमुळे रानातील भाज्यांची ओळखही जपली गेली. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बारीपाड्याला शासनाचे साहाय्य मिळाले नाही, असे नव्हे. संयुक्त वनव्यवस्थापनासारख्या शासकीय चौकटीचा गावाने उपयोग करून घेतला. फरक इतकाच की, योजना येण्यापूर्वी गावाचा निर्णय झालेला होता आणि योजना संपल्यावरही राखण करणारे हात तेथेच होते. फड पद्धतीतील पाटकरी व जागल्या यांचेच हे नवे रूप म्हणावे लागेल.

पिंपळनेरचा बदललेला दर्जा

खुद्द पिंपळनेर आता ग्रामपंचायत राहिलेले नाही. तेथे नगर परिषद स्थापन झाली असून डिसेंबर २०२५ मध्ये तिची निवडणूक झाली. पाणीपुरवठा, गटारे, घनकचरा यांसाठी नागरी योजनांचे दार त्यामुळे उघडले आहे. त्याच वेळी ग्रामपंचायतीसाठीचे अनुदान थांबते. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण निधीतील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींसाठी होता. तो शहराला लागू नसतो. याहून मोठा बदल म्हणजे ग्रामसभा संपते. कोणत्याही प्रौढ मतदाराने उभे राहून हिशेब मागावा, अशी ती जागा होती. नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेत बोलण्याचा अधिकार नगरसेवकाचा असतो. गावाचे शहर होताना ही उणीव प्रभागातील नागरिकांनी जागरूक राहून भरून काढावी लागेल.

नागरिकांच्या हाती काय?

आसपासच्या गावांत मात्र ग्रामसभा आहेच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती भरविण्याचा प्रघात आहे. वर्षभरात किती निधी आला, कोणत्या कामावर खर्च झाला, लाभार्थींची यादी कोणत्या निकषावर झाली आणि मार्चअखेर किती रक्कम शिल्लक राहिली, हे चार प्रश्न तेथे विचारून इतिवृत्तात नोंदवून घेता येतात. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. ३० दिवसांत माहिती देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

पांझरेच्या पाटावर कोणाच्या शेतात किती पाणी गेले, हे फडातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असे. शासनाच्या निधीविषयी तितकीच माहिती प्रत्येक गावकऱ्याला असणे, हेच या साऱ्या योजनांच्या यशाचे खरे गमक आहे.