हौशी रंगभूमीवरील ‘संशयकल्लोळ’



मराठी संगीत नाटकाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा मोठमोठ्या नाटक मंडळ्यांचीं नांवें घेतों. त्या मंडळ्या मोडल्यानंतर त्यांचीं नाटकें कोणीं जिवंत ठेवलीं, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’ या एका नाटकाची वाटचाल पाहिली तरी त्याचें उत्तर पुष्कळसें हातीं लागतें.

या नाटकाचें मूळ मोलियरच्या १६६० सालच्या एका फ्रेंच प्रहसनांत आहे. त्यावरून आर्थर मर्फी यानें १७६१ सालीं इंग्रजी नाटक रचिलें, व त्याच्या आधारें देवलांनीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक लिहिलें. पुढें त्यांनींच त्यांत पदें घातलीं आणि १९१६ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें तें ‘संगीत संशयकल्लोळ’ या नांवानें रंगभूमीवर आणिलें. गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती झाले. त्याच वर्षीं देवल निवर्तले.

कथानक अगदीं साधें आहे. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव भर रस्त्यांत सांवरतो. त्याची बायको कृत्तिका तें पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सांपडते, आणि ती तिच्या हातांत फाल्गुनरावाला दिसते. येथून संशयाची जी साखळी सुरू होते ती शेवटच्या अंकापर्यंत तुटत नाहीं. देवलांनीं पात्रांना नक्षत्रांचीं व महिन्यांचीं नांवें दिलीं आणि परकी कथा मराठी वाड्यांत अशी बसविली कीं, तिच्या परकेपणाची शंकाही येऊं नये.

१९३१ पासून बोलपट आले आणि मोठा परिवार पोसणाऱ्या संगीत मंडळ्यांना प्रवासाचा व नाटकगृहांचा खर्च झेपेनासा झाला. धंदा बसला, हौस मात्र बसली नाहीं. पुण्यांत १८९४ पासून चालत आलेल्या भरत नाट्य मंदिरासारख्या संस्थांनीं व गांवोगांवच्या नाट्यप्रेमी मंडळींनीं जुनीं नाटकें उचललीं. गोमंतकांत तर पोर्तुगीज अमदानींतही देवळांच्या उत्सवांत गांवकरी स्वतः तोंडाला रंग लावून मराठी संगीत नाटकें करीत आले. दिवसभर दुकान, शाळा किंवा शेत सांभाळावयाचें आणि रात्रीं तालमीला बसावयाचें, असा हा संसार.

अशा मंडळींना ‘संशयकल्लोळ’ मानवतें, याला कारणें आहेत. त्याला राजवाडा लागत नाहीं, भरजरी पोषाख लागत नाहींत. त्यांतील विनोद एका नटाच्या अंगच्या लकबीवर उभा नसून प्रसंगांच्या गुंफणींत आहे. म्हणून भाषण नीट पाठ असलें व प्रवेश वेळेवर झाला, तर सामान्य नटालाही हंशा मिळतो. मात्र तसबीर हातांत मावेल एवढी लहान. उघड्या पटांगणांत मागच्या रांगेला ती दिसत नाहीं. ती पाहणाऱ्याचा चेहराच प्रेक्षकांना दिसावा लागतो, आणि तालमीचे खरे कष्ट तेथें पडतात.

पदांची गोष्ट वेगळी आहे. ऑर्गन वाजविणारा मिळत नाहीं, गायक नट दुर्मिळ, म्हणून कित्येक ठिकाणीं पदें गाळून केवळ संवाद ठेवण्याचा मोह होतो. त्यानें प्रयोग आटोपशीर होतो हें खरें. परंतु मग १९१६ पूर्वींचें गद्य नाटकच हातीं उरतें. फाल्गुनरावाच्या धांदलीमध्यें रेवती व अश्विनशेट यांच्या पदांनीं जो विसांवा मिळतो, तोच पुढच्या हंशाची जागा तयार करितो. शिवाय ध्वनिमुद्रिकांवरून चाल शिकतां येते. पण पद कोठें थांबवावयाचें आणि भाषण कोठें उचलावयाचें, हें शेजारीं उभें राहूनच शिकावें लागतें.

धंदेवाईक मंडळ्यांनीं या नाटकाला कीर्ति दिली. तें एका पिढीकडून दुसरीकडे पोंचविण्याचें काम मात्र मुख्यत्वें या बिनपगारी मंडळींनीं केलें. ज्या गांवांत अजून अशी तालीम चालते, तेथील वडीलधाऱ्यांनीं यंदां निदान दोन पदें एखाद्या मुलाला किंवा मुलीला चालीसह शिकवावींत. नाटकाचें पुस्तक छापलेलें आहेच. छापतां येत नाहीं तें एवढेंच.