गुप्तरोग : न बोलल्याने पसरणारा आजार

आजचा विषय हर्पिस. कुरखेड्यात बसून यावर बोलायचं म्हटलं की आधी शब्दच आडवा येतो : गुप्तरोग. गरमी, परमा यांना मराठीत निदान नावं तरी होती. हर्पिसला तेही नाही. नागीण म्हणावं, तर ती वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने हर्पिस मुखपृष्ठावर छापला. तिकडे घबराट पसरली होती. त्याच महिन्यात, २६ तारखेला, चंद्रपूरचं विभाजन होऊन आपला गडचिरोली जिल्हा झाला. इकडे अशा आजारांबद्दल अवाक्षर नव्हतं. पण बोललं जात नव्हतं म्हणजे आजार नव्हते का?

१९८४ मध्ये कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था सुरू केली. पुढे डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 'सर्च'तर्फे वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जाई. १९९४ च्या कैरो परिषदेत जगाने प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार मान्य केला.

तो अभ्यास हर्पिसचा नव्हता. पण त्याने दाखवलेली गोष्ट हर्पिसला तंतोतंत लागू पडते : तक्रार नाही म्हणजे आजार नाही, असं नसतं.

हर्पिसचे विषाणू दोन. पहिला बहुधा ओठांवर, दुसरा जननेंद्रियांवर. पण दोन्ही दोन्हीकडे होऊ शकतात. त्वचेला त्वचा लागून, चुंबनातून, संभोगातून, मुखमैथुनातून ते पसरतात. फोड बरे झाले तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि अधूनमधून त्वचेवर येतो, कधी एकही फोड न दिसता. संडासाच्या भांड्यावरून तो पसरत नाही.

मग करायचं काय? फोड असताना, किंवा ते येण्याआधी मुंग्या, जळजळ जाणवली, तर संबंध टाळायचे. एरवी निरोध वापरायचा. धोका बराच घटतो, पूर्ण जात नाही, कारण निरोध सगळी त्वचा झाकत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज विषाणूविरोधी गोळी घेतली, तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका साधारण निम्मा होतो, असं २००४ च्या एका अभ्यासात दिसलं. गरोदर बाईने फोड आल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं. शेवटच्या महिन्यांत नव्याने लागण झाली, तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. ओठावर फोड असलेल्याने तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये.

आणि एक. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. म्हणून आज फोड दिसले, यावरून कोणी कोणाला कधी दिला, हे ठरवता येत नाही. तरी आपल्याकडे बोट बहुधा बाईकडेच जातं. त्या भीतीने ती दवाखान्यात जात नाही, नवऱ्याची तपासणी राहून जाते, आणि आजार घरातच फिरत राहतो. तेव्हा तपासणीला दोघांनी मिळून जावं, आणि जाताना दोष ठरवत जाऊ नये.