पीओई : रायगड किनाऱ्यावरील रेडिओ-इंटरनेट

गच्चीवर, पाइपावर किंवा मनोऱ्यावर बसवलेल्या बिनतारी इंटरनेटच्या रेडिओला माहिती वाहून नेणाऱ्या ईथरनेट केबलमधूनच वीज पुरवण्याची पद्धत. पूर्ण नाव ‘पॉवर ओव्हर ईथरनेट’. वर विजेची वेगळी वायर न्यावी लागत नाही. घरात केबलमध्ये वीज सोडणारा छोटा इंजेक्टर आणि तिथून वर एकच केबल, एवढ्यावर काम भागते.

रायगडच्या किनारपट्टीला अशा रेडिओंची गरज खाड्यांमुळे पडते. रेवस आणि करंजा किंवा आगरदांडा आणि दिघी ही ठिकाणे समोरासमोर दिसतात, पण जमिनीवरून केबल न्यायची तर मोठा वळसा पडतो. पाण्यावरून रेडिओ सरळ जातो; अडथळा होतो तो नारळ-सुरूच्या वाढत्या शेंड्यांचा. हे रेडिओ बहुधा चालतात त्या ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा मोठा भाग केंद्र सरकारने २०१८ मध्ये परवानामुक्त केला.

पीओईचे प्रमाणित आणि ‘पॅसिव्ह’ असे दोन प्रकार. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे पहिले मानक २००३ चे (स्रोतापाशी १५.४ वॅट), दुसरे २००९ चे (३० वॅट), २०१८ च्या मानकाने ही मर्यादा ९० वॅटपर्यंत नेली. प्रमाणित प्रकारात वीज पुरवणारा स्विच आधी अल्प दाब देऊन पलीकडे २५ किलोओहमचा ओळखरोध आहे का ते तपासतो, मगच सुमारे ४८ व्होल्ट सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर असली विचारपूस करीत नाही. २४ व्होल्ट कायम चालूच. भलत्या उपकरणात ती केबल खुपसली तर ते जळू शकते.

केबलची कमाल लांबी १०० मीटर. तेवढ्या कॅट-५ई केबलवर ८ वॅटच्या रेडिओसाठी २४ व्होल्टमधले सुमारे ३.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ४८ व्होल्टवर ही घट १.६ व्होल्ट. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. रेडिओ अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर सेटिंग चाळण्याआधी केबल तपासावी.

किनाऱ्यावरचा खरा शत्रू खारी हवा. कनेक्टरमध्ये ओल शिरली की एकदिश प्रवाहामुळे विद्युत-अपघटन सुरू होते आणि धन बाजूची पिन झिजते. नेहमीच्या पॅसिव्ह जोडणीत ४ व ५ क्रमांकाच्या पिना, म्हणजे निळी जोडी, धन असतात; ७ व ८, तपकिरी जोडी, ऋण. म्हणून जुना कनेक्टर कापून पाहिला तर हिरवी बुरशी बहुधा निळ्या तारांपाशी सापडते. १०० मेगाबिटच्या जोडणीत माहिती उरलेल्या १, २, ३, ६ या पिनांवरून जाते. त्यामुळे केबल-टेस्टरवर माहितीच्या जोड्या ठणठणीत आणि वर रेडिओ मात्र बंद, असा चकवा होतो. उपाय साधे : उन्हाला टिकणारी बाहेरची केबल, जेल भरलेला कनेक्टर, त्याचे तोंड खाली, आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला झोळ, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकते. सिलिकॉन थापून मोकळे होण्याची सवय घातक. आत अडकलेली ओल मग बाहेर पडतच नाही.

विजांसाठी केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर हवा, आणि त्याला अर्थिंग. जांभ्याच्या कोरड्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. नुसती सळई ठोकून भागत नाही, खड्डा करून ओल टिकवावी लागते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. विजेचे खांब आडवे झाले. श्रीवर्धन, मुरूड भागांतली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी पॅसिव्ह पद्धतीचा साधेपणा कामी येतो. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडल्या की २४ व्होल्ट मिळतात, इन्व्हर्टर लागत नाही. ७ अँपिअर-तासांच्या जोडीवर ८ वॅटचा रेडिओ, केबलमधली घट धरून, कागदावर सुमारे अठरा तास चालतो. जुन्या बॅटऱ्यांवर बराच कमी. मात्र पलीकडच्या टोकालाही बॅटरी हवी, नाहीतर या टोकाच्या बॅटरीचा उपयोग शून्य.

तरीही नव्या जोडणीसाठी किनाऱ्यावर प्रमाणित ४८ व्होल्टची पद्धत अधिक भरवशाची, आणि कनेक्टर दर मे महिन्यात, पावसाआधी, नवा क्रिंप करावा.