पटपडगंजचा स्तंभ

नोएडाच्या गोल्फ मैदानात एक जुना दगडी स्तंभ उभा आहे. चेंडूमागे जाणाऱ्या मंडळींपैकी फार थोड्यांचे लक्ष तिकडे जाते. 11 सप्टेंबर 1803 रोजी या परिसरात दिल्लीसाठी लढाई झाली आणि जनरल लेकने मराठ्यांच्या फौजेचा पराभव केला, हे सांगण्यासाठी इंग्रजी अमदानीत तो उभारला गेला. जवळच्या गावावरून आपण तिला पटपडगंजची लढाई म्हणतो. मी सरकारी नोकर. तेथे उभा राहिलो की मनात तलवारींपेक्षा दप्तरांचाच विचार अधिक येतो.

कार्यालयांतून हल्ली ‘कार्यक्रम-व्यवस्थापन’ हा शब्द वारंवार कानी पडतो. एक पूल बांधणे हा प्रकल्प झाला. परंतु पूल, रस्ता, नाके आणि तेथील वसुली ही निरनिराळी कामे एका हेतूने जुळविणे, एकाचे उत्पन्न दुसऱ्यास वेळेवर पोचविणे आणि या साऱ्याचा जाब कोणी द्यावयाचा हे ठरविणे, याला कार्यक्रम म्हणावयाचे. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. महादजी शिंद्यांनी उत्तर हिंदुस्थानात ती करून दाखविली होती.

1784 मध्ये त्यांनी डी बॉयन या सव्हॉयकर सेनानीस चाकरीत घेऊन दोन कवायती पलटणी उभारावयास सांगितले. 1790 मध्ये पाटण व मेडता येथे विजय मिळाले आणि पलटणींचे कंपू झाले. कवायत शिकविणे हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण पगाराची! त्या काळी फौजांचे पगार महिनोन्महिने तुंबत आणि शिपाई सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसत. म्हणून दुआबातील परगण्यांचा वसूल जायदाद म्हणून कंपूंच्या खर्चास तोडून दिला. अलीगढ हे मुख्य ठाणे झाले, आग्र्यास तोफा ओतल्या जाऊ लागल्या. परगण्याचा वसूल चुकला की पलटणीचा पगार चुकणार, हे ओळखून दोन्ही कामे एकाच हाती दिलेली होती. आणि त्या हातावर नजर होती ती महादजींची. हे सारे कशासाठी चालले आहे, ते त्यांना पक्के ठाऊक होते.

12 फेब्रुवारी 1794 रोजी महादजी वानवडीस वारले. पुढल्या वर्षाच्या अखेरीस डी बॉयननेही चाकरी सोडली. त्याच्या जागी पेराँ आला. वसूल, किल्ले, नेमणुका, सारे पेराँच्या हाती राहिले. मात्र दौलतराव शिंदे बहुधा दक्षिणेत गुंतलेले, तेव्हा वरून विचारणारा कोणी उरला नाही. एका योजनेत मीही हे अनुभविले आहे. चार खात्यांचे धागे एकाच अधिकाऱ्याच्या डोक्यात होते. त्याची बदली झाली आणि कोणते काम कोणासाठी अडले आहे, हेच आम्ही सहा महिने शोधीत बसलो.

आमचे सहा महिने गेले. शिंद्यांचे दुआबातील राज्य गेले. 1803 च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले तेव्हा कंपूंतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना इंग्रजांनी निर्वाहाचे आमिष दाखवून बोलाविले; बरेच गेले. 4 सप्टेंबरला अलीगढ पडले. पेराँच्या जागी अंबाजी इंगळ्यांना नेमण्याचे घाटत होते, आणि ते कळताच पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. ऐन लढाईच्या तोंडावर कारभारी जुना गेला आणि नवा पोचला नाही, अशी ही अवस्था.

पटपडगंजला सेनापती होता बुरकीन. लेकपाशी सुमारे साडेचार हजार माणसे. शिंद्यांची फौज त्याच्या कित्येक पट, तोफाही भारी आणि मोर्चे मजबूत. लेकने घोडदळाच्या माघारीचा देखावा केला, पलटणी मोर्चे सोडून पुढे आल्या आणि घात झाला. तीन दिवसांनी बुरकीन शत्रूच्या स्वाधीन झाला.

यात शिपायांना बोल लावणाऱ्यांनी 1 नोव्हेंबरची लासवारीची लढाई पाहावी. तेथे याच कंपूंतील उरल्यासुरल्या पलटणी बहुतेक युरोपीय अधिकाऱ्यांवाचून उभ्या राहिल्या आणि तोफांपाशी मरेपर्यंत लढल्या. त्यांना नीट नेतृत्व असते तर निकालाची शाश्वती नव्हती, हे विजयी लेकनेच लिहून ठेवले आहे.